ओगुनीच्या टेकडीवर : डॉ. कितासातो यांच्या गावी जायचं असेल तर

जुलै २०२४ पासून जपानमध्ये चलनात आलेल्या १००० येनच्या नोटेवर एका डॉक्टरांचा चेहरा आहे. ते डॉ. शिबासाबुरो कितासातो. धनुर्वाताचा जंतू पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला तो त्यांनी. रोगप्रतिकारक रक्तद्रव, म्हणजे सीरम, टोचून रोग आटोक्यात आणता येतो हे सिद्ध करणाऱ्या दोघांपैकी ते एक. त्यांचं मूळ गाव क्युशू बेटावर कुमामोतो प्रांतात आहे. आसो ज्वालामुखीच्या उत्तरेला ओगुनी नावाचं डोंगरी नगर लागतं आणि त्यातल्या कितासातो गावच्या टेकडीवर त्यांचं स्मारक संग्रहालय उभं आहे.

नोट हातात धरून फोटो काढायचा आणि पुढच्या गरम पाण्याच्या कुंडाकडे निघायचं, असा बऱ्याच जणांचा बेत असतो. माझा आग्रह आहे की या जागेला निदान अर्धा दिवस द्या. विशेषतः तुम्ही डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेत काम करणारे किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी असाल तर नक्कीच. जगभर नाव झालेल्या माणसानं परत येऊन आपल्या गावाला काय दिलं, ते इथं प्रत्यक्ष बघायला मिळतं. त्यानं दिलं ते ग्रंथालय.

जाण्याआधी एवढं वाचून ठेवा

संग्रहालयातला बराचसा मजकूर जपानी भाषेत आहे. आधी गोष्ट ठाऊक असली तर काचेआडची प्रत्येक वस्तू बोलू लागते, नाहीतर जुन्या कागदांपुढून नुसतं चालत जाणं होतं.

कितासातो यांचा जन्म जानेवारी १८५३ चा, गावच्या मुखियाच्या घरात. कुमामोतोच्या वैद्यकीय शाळेत मान्सफेल्ट नावाचे डच डॉक्टर शिकवत होते. तोवर सैन्यात जायची स्वप्नं बघणारा हा मुलगा त्यांच्या हाताखाली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला आणि वैद्यकाकडे वळला. पुढे तोक्योत शिकताना, १८७८ मध्ये, त्यांनी वैद्यकाच्या मार्गाविषयी एक निबंध लिहिला. लोकांना शरीर जपायला शिकवणं आणि रोग होण्याआधीच अडवणं हे वैद्यकाचं मूळ काम, हा त्याचा गाभा. तेव्हा ते अजून पदवीधरही झाले नव्हते. पदवी १८८३ ची.

मग सरकारी आरोग्य खात्यातली नोकरी, आणि तिथून बर्लिनला जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत. धनुर्वाताचं काम तिथलंच. जखमेतल्या पुवात धनुर्वाताचा जंतू कधीच एकटा सापडत नाही, इतर जंतू त्याच्याभोवती गर्दी करून असतात. तो वेगळा वाढवताच येणार नाही, असं तेव्हाचे अनेक जाणकार मानत. कितासातोंनी दोन गोष्टी ताडल्या. या जंतूचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत, म्हणून मिश्रण ८० अंश सेल्सिअसला तापवलं की बाकीचे मरतात आणि हे उरतात. दुसरं म्हणजे त्याला प्राणवायू सोसत नाही. म्हणून त्यांनी चपट्या काचेचं, बाजूला नळी असलेलं भांडं वापरलं आणि त्यात हायड्रोजन भरून नळीचं तोंड वितळवून बंद केलं. बसक्या आकारामुळे जपानीत त्या भांड्याला कासवाचं नाव पडलं आहे. १८८९ मध्ये जंतू शुद्ध स्वरूपात हाती आला. संग्रहालयात हिंडताना या भांड्याचं चित्र किंवा उल्लेख दिसला की थांबा, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं आहे.

पुढचं म्हणजे सीरम. १८९० मध्ये कितासातो आणि एमिल फॉन बेरिंग यांनी घटसर्प आणि धनुर्वात या दोन रोगांवर मिळून निबंध प्रसिद्ध केला. विषाची थोडी थोडी मात्रा देऊन तयार केलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात ते विष निकामी करण्याची ताकद येते आणि तो द्रव दुसऱ्या प्राण्यात टोचला तर त्यालाही संरक्षण मिळतं, हा त्याचा निष्कर्ष. १९०१ चं पहिलं वैद्यकाचं नोबेल मात्र एकट्या बेरिंग यांना मिळालं. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावर जी लस म्हणून ओळखली जाते ती खरं तर लस नव्हे, घोड्यांच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष आहे, आणि तिचं तत्त्व हेच. मुंबईच्या हाफकिनचं नाव ज्यांनी त्या कुपीवर वाचलं आहे, त्यांचं ओगुनीशी नातं आधीच जुळलेलं आहे.

दुसरा धागा प्लेगचा. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग पसरला, तेव्हा जूनमध्ये जपान सरकारनं कितासातो आणि डॉ. आओयामा यांना तिकडे धाडलं. पोचल्यावर दोनच दिवसांत कितासातोंनी रुग्णांमध्ये जंतू पाहिल्याचं सांगितलं. पाठोपाठ आलेले जंतुशास्त्रज्ञ अलेक्सांद्र येरसँ यांनी केलेलं वर्णन जास्त नेमकं ठरलं, म्हणून आज जंतूला नाव येरसँ यांचं आहे. आओयामांना प्लेगनं गाठलं आणि ते कसेबसे वाचले. हीच साथ १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला उतरली आणि ती ओळखली ती मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पुढच्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. १८९४ आणि १८९७ ही सालं मनात शेजारी ठेवून संग्रहालयात शिरा, मग हाँगकाँगच्या मजकुरापुढे पाय आपोआप रेंगाळतील.

कधी जावं

नोव्हेंबर सगळ्यात चांगला. हवा कोरडी, झाडं तांबडी-पिवळी, आणि समोरचा वाइता डोंगर स्पष्ट दिसण्याची शक्यता जास्त. एप्रिल-मेही छान, फक्त एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातली जपानी सुट्टी टाळा, कारण तेव्हा आसो भागात खोली मिळणं अवघड होतं. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो आणि क्युशूतला पाऊस कोकणी माणसालाही कमी वाटणार नाही. दरडींमुळे रस्ते बंद पडतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत घाटात बर्फ धरतं, तेव्हा स्वतः गाडी चालवायची तर हिवाळी टायर लावलेलीच भाड्यानं घ्या.

बंदचा वार आणि वेळ ओगुनीच्या पर्यटन पानावर आदल्या आठवड्यात तपासा. जपानमधली छोटी सार्वजनिक संग्रहालयं सहसा आठवड्यातून एक दिवस आणि वर्षअखेरीला बंद असतात, शिवाय बंदचा वार सोमवार असेल आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आली, तर तो मंगळवारवर ढकलण्याची पद्धत आहे.

कसं पोचावं

नकाशात शोधताना एक काळजी घ्या. कितासातोंच्या नावाचं संग्रहालय तोक्योतही आहे. पत्त्यात कुमामोतो आणि ओगुनी ही दोन्ही नावं आहेत याची खात्री करूनच रस्ता ठरवा.

भारतातून येणाऱ्याला सोपं दार म्हणजे फुकुओका. बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग अशा ठिकाणी विमान बदलून तिथं उतरता येतं. विमानतळावरून भुयारी रेल्वेनं हाकाता स्टेशन पाच-सहा मिनिटांवर, आणि हाकाताहून शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेनं कुमामोतो तासाभराच्या आत. ओगुनीला मात्र रेल्वे नाही. होती ती मियानोहारू मार्गिका १९८४ मध्ये बंद झाली. तेव्हा शेवटचा टप्पा बसनं किंवा गाडीनं.

गाडी हा माझ्या मते सगळ्यात चांगला पर्याय. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, उजव्या हाताला स्टीअरिंग. निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, आणि तो १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातला आहे हे पाहून घ्या. मूळ परवाना आणि पासपोर्टही सोबत लागतो. कुमामोतो विमानतळ शहर आणि आसो यांच्या मध्ये असल्यामुळे गाडी तिथूनच घेणं सोयीचं. तिथून आसोच्या दिशेनं निघून पुढे २१२ क्रमांकाचा रस्ता धरला की ज्वालामुखीच्या प्रचंड कटोऱ्याची कड चढून ओगुनीत उतरता येतं. वाटेत थांबे घेतले नाहीत तर सव्वा ते दीड तास पुरतो. पण कडेवर गवताळ माळ लागतो तिथं उतरून मागे वळून बघाच, खाली पसरलेली भातखाचरं आणि मधोमध धुमसणारा आसो एका नजरेत मावत नाही. गाडीतल्या नकाशात जपानी पत्ता टाकणं जड जातं, म्हणून संग्रहालयाचा फोन क्रमांक टाका. तिथली यंत्रं फोन क्रमांकावरून जागा शोधतात.

बसनं जायचं तर दोन वाटा. फुकुओकाहून कुरोकावा ओनसेन या गरम पाण्याच्या कुंडांच्या गावाला थेट लांब पल्ल्याची बस आहे, साधारण अडीच-तीन तासांची. कुमामोतोहून आसोमार्गे कुरोकावाकडे जाणारी क्युशू आडवी पार करणारी बसही आहे. दोन्हींना जागा आधी राखून ठेवावी लागते. कुरोकावा शेजारच्या मिनामी-ओगुनीत येतं, तिथून संग्रहालय टॅक्सीनं वीसेक मिनिटांवर. दुसरी वाट म्हणजे आसो स्टेशनपर्यंत रेल्वे आणि तिथून ओगुनीची स्थानिक बस. तिच्या दिवसात मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून परतीची वेळ आधी लिहून घ्या आणि मगच दिवस आखा.

स्थानिक बसमध्ये चढताना दारापाशी क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखालचं भाडं बघून तेवढे पैसे डब्यात टाकायचे. तोक्योत चालणारी कार्डं कुमामोतोच्या स्थानिक बसवर नोव्हेंबर २०२४ पासून चालत नाहीत. सुटी नाणी जवळ ठेवा.

ओगुनीत बस थांबते ती यू स्टेशनपाशी. जुन्या रेल्वे स्थानकाच्या जागी उभी राहिलेली ही काचेनं मढवलेली इमारत आहे. आत शिरलात की मान वर करा, इथल्या सुगी देवदाराच्या लाकडाची जाळी छप्पर तोलून धरते. पर्यटन माहितीचा कक्ष इथंच आहे. संग्रहालय इथून गाडीनं दहाएक मिनिटं. कक्षातल्या लोकांना टॅक्सी बोलावून द्यायला सांगा आणि परतीची टॅक्सीही तेव्हाच ठरवून टाका, टेकडीजवळ रस्त्यावर हात करून टॅक्सी मिळत नाही.

टेकडीवर : काय, कोणत्या क्रमानं

आवार मोठं नाही. कितासातो ग्रंथालय, पाहुण्यांसाठी बांधलेलं घर आणि जन्मघराचा जपून ठेवलेला भाग या तीन जुन्या वास्तू आहेत. जोडीला नवं प्रदर्शन आहे. १९८७ मध्ये कितासातो संशोधन संस्था आणि विद्यापीठानं जुन्या वास्तूंची डागडुजी करून त्या नगराच्या हवाली केल्या.

सुरुवात ग्रंथालयापासून करा. कितासातोंनी ते १९१६ मध्ये स्वखर्चानं बांधलं आणि गावाला दिलं. दोनच वर्षांपूर्वीची त्यांची अवस्था लक्षात घेतली तर या दानाचं वजन कळतं. जर्मनीत असताना त्यांनी बेरीबेरी या रोगाचा जंतू सापडल्याचा डॉ. ओगाता यांचा दावा खोडून काढला होता. ओगाता त्यांचे ज्येष्ठ आणि मदत करणारे, त्यामुळे तोक्योच्या विद्यापीठातली मंडळी दुखावली. १८९२ मध्ये परत आल्यावर एवढ्या कीर्तीच्या माणसाला मायदेशात काम करायला जागा नव्हती. विचारवंत युकिची फुकुझावा पुढे आले, जागा दिली, आणि संसर्गजन्य रोगांची संस्था उभी राहिली. आमांशाचा जंतू शोधणारे शिगा आणि उपदंशावरच्या औषधासाठी जर्मन शास्त्रज्ञ एर्लिख यांच्याबरोबर काम केलेले हाता हे तिथंच घडले. आधीच्या १००० येनच्या नोटेवर असलेले नोगुचीही काही काळ तिथं होते. पुढे संस्था सरकारी झाली आणि १९१४ मध्ये कितासातोंना न विचारता ती विद्यापीठाला जोडण्यासाठी शिक्षण खात्याकडे सोपवली गेली. त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे सहकारीही एकजात बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचे पैसे ओतून नवी संस्था काढली. हे सगळं चालू असताना साठी ओलांडलेला हा माणूस डोंगरातल्या पोरांना वाचायला पुस्तकं मिळावीत म्हणून इमारत बांधत होता! ती आजही उभी आहे. आत गेल्यावर वाचनाच्या जागेत खिडक्यांतून किती उजेड येतो ते बघा.

ग्रंथालयातून जन्मघराकडे जा. इथं जोडे काढायचे, तातामी म्हणजे गवती चटयांवर अनवाणी नको, मोज्यांत चालायचं, आणि पाठपिशवी पुढे घ्यायची म्हणजे कागदी दारांना धक्का लागत नाही. फोटो काढण्याआधी विचारा. प्रदर्शनासाठी फोनमध्ये भाषांतराचं ॲप आणि जपानी भाषेची फाइल आधीच उतरवून ठेवा. छापील पाट्या कॅमेऱ्यानं बऱ्या वाचता येतात. हस्ताक्षरातल्या पत्रांवर मात्र ॲप चालत नाही, तिथं साल आणि नाव पकडा. विद्यार्थी त्यांना 'डोनर' म्हणत, जर्मन भाषेत मेघगर्जना. इतके रागावत. ते टोपणनाव ऐकून आलात की त्यांचे फोटो वेगळेच दिसू लागतात.

पाहुण्यांचं घर शेवटी ठेवा. दुमजली जपानी लाकडी घर, तेही १९१६ चंच. कितासातो गावी आले की इथं उतरत. समोर सुमारे १,५०० मीटर उंचीचा वाइता डोंगर, ज्याला इथले लोक ओगुनीचा फुजी म्हणतात. व्हरांड्याजवळ शांत बसा. घाई असेल तर प्रदर्शनातला वेळ कमी करा, इथला नको.

वृद्ध माणसं सोबत असतील तर गाडी जितकी वर नेता येते तितकी न्या आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी घडीची काठी ठेवा, जुन्या घरांचे उंबरे उंच आहेत.

खाणं

शाकाहारी मंडळींनी इथं तयारीनं यावं. सोबा किंवा उदोन नूडल्सचा रस्सा बिनमांसाचा दिसला तरी त्यात माशाचा अर्क असतोच. 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' म्हणजे मांस आणि मासे खात नाही, एवढं वाक्य पाठ करा, किंवा जपानीत लिहून दाखवा. तरी घरचे ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्यात. कुमामोतोची रताळं आणि गोड लाल चवळीचं सारण घातलेली 'इकिनारी दांगो' बहुतेक शाकाहाऱ्यांना चालते आणि पोटही भरते. ओगुनी जर्सी गाईंच्या दुधासाठी ओळखलं जातं, तिथलं दूध आणि आइस्क्रीम चुकवू नका.

उरलेला अर्धा दिवस

पायी हिंडणाऱ्यांनी बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग बघावा. कितासातो नावाचं स्थानक या मार्गावर होतं, आणि काँक्रीटचे कमानी पूल अजून उभे आहेत. युद्धाच्या सुमारास लोखंडाची टंचाई असल्यानं त्यांत सळईऐवजी बांबू घातला, असं स्थानिक लोक सांगतात.

नाबेगाताकी धबधबा उंचीला लहान आहे, पण पडद्यासारखा रुंद, आणि त्याच्या मागून चालत जाता येतं. आत जायला ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागते, दारात जाऊन तिकीट काढू असं म्हणू नका. संग्रहालय सकाळी आणि धबधबा दुपारी हा क्रम बरा.

मुक्काम करायचा तर कुरोकावाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि दरही त्याच मापाचे आहेत. मी वाइता डोंगराच्या पायथ्याची वस्ती सुचवीन. तिथं रस्त्याकडेला जमिनीतून वाफ उसळत असते आणि कुटुंबाला स्वतंत्र मिळणारी न्हाणीघरं पुष्कळ आहेत. चारचौघांत कपडे काढायचा संकोच वाटणाऱ्या आपल्या लोकांना ती फार सोयीची. कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून साबणानं अंग धुवायचं आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही.

क्युशूपर्यंत येणं जमणार नसेल तर दोन जागा वाटेत येऊ शकतात. तोक्योच्या शिरोकाने भागात कितासातो विद्यापीठाच्या आवारातलं संग्रहालय, आणि तिथंच एक छोटं देऊळ. कॉख १९०८ मध्ये जपानला येऊन गेले आणि १९१० मध्ये वारले, तेव्हा कितासातोंनी गुरूसाठी ते उभारलं. १९३१ मध्ये कितासातो गेल्यावर शिष्यांनी त्यांचीही तिथं गुरूशेजारी स्थापना केली. दुसरी जागा नागोयाजवळ इनुयामाला, मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात. राजीनाम्यानंतर काढलेल्या संशोधन संस्थेची मूळ इमारत तिथं हलवून पुन्हा उभी केली आहे. मेइजी-मुराचं आवार फार मोठं असल्यानं दारात शिरतानाच नकाशा घ्या, त्यावर या इमारतीची खूण करा आणि आधी तिकडे जा.